पाय टेकला की नाही

माघ सरत आला की बीडच्या रस्त्यांवरून कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी पेंढ्या इतक्या बाहेर आलेल्या असतात की ऑटोवाले शिव्या देत गटारीच्या कडेला सरकतात. ट्रॅक्टर निघून गेला तरी विजेच्या तारांवर, कोचिंग क्लासच्या पाट्यांवर ज्वारीची पिवळी पानं लोंबत राहतात. त्या पानांचा एक वास असतो. कोरडा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत तो वर येतो.

यंदा तो वास आला तेव्हा माझ्या मांडीवर मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये सायकलींची चित्रं होती. सगळ्या सायकली कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात उभ्या होत्या. माणसं घामाघूम होऊन पायडल मारत होती आणि एकीचंही मागचं चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या वैशालीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, पुण्याहून गिअरची सायकल पाठवली होती. पुढं बारा-तेरा वर्षं मी तिच्यावरून सकाळी फिरून यायचो. मागच्या दिवाळीत बसस्टँडजवळ एका ऑटोनं धक्का दिला, गुडघ्याची वाटी सरकली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, सायकल सोडू नका, गुडघा आखडेल. पण रस्त्यावर मात्र नको." मला वाटलं, हे पोहा पण पाण्यात उतरू नका असं झालं. वैशालीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "अण्णा, ट्रेनर मिळतो. तुमचीच सायकल घरात त्याच्यावर चढवायची. आधी बजेट ठरवा, मग प्रकार निवडा."

"प्रकार किती आहेत?"

"चारेक."

चार प्रकारांनी मी पंधरा दिवस चक्रावून गेलो. एकात नुसते तीन गोल रूळ असतात, त्यावर सायकल मोकळी ठेवायची आणि तोल आपला आपण सांभाळायचा. तो स्वस्त, पण बहात्तराव्या वर्षी तोल ही काही भरवशाची गोष्ट नाही. दुसऱ्यात मागच्या चाकाला लोहचुंबकाचा रोध असतो. आठ-दहा हजारांत येतो, आवाज करतो, टायर झिजवतो. तिसऱ्यात तेलासारखं काहीतरी भरलेलं असतं. तो शांत, म्हणून दुप्पट-अडीचपट महाग. चौथ्यात मागचं चाकच काढून ठेवायचं आणि सायकल यंत्रावर बसवायची. त्याची किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचली. तेवढ्यात माझ्या नोकरीच्या काळात घर झालं असतं. महाग घेतला आणि महिन्यात कंटाळलो तर? स्वस्त घेतला आणि खालचे भाडेकरू आवाजाला वैतागले तर? रोज सकाळी एक प्रकार पक्का करायचो आणि संध्याकाळपर्यंत तो डळमळायचा.

आमची सुमन, माझी बायको, शेंगा फोडत हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "जागच्या जागीच फिरायचं तर एवढा विचार कशाला? आमच्या माहेरी एक सायकलवाला आलता, सात दिवस खाली उतरला न्हवता. गोलगोल गोलगोल. तसंच की हे. तुमी पाह्यलाय का तसला कधी?"

मी "नाही" म्हणालो. का म्हणालो? सत्तेचाळीस वर्षं तिच्याशी संसार केला, आणि इतकं सरळ खोटं मी तिच्याशी क्वचितच बोललो असेन. खालून कडब्याचा ट्रॅक्टर गेला. वास वर आला. मी मोबाइल बंद केला.

चकलांब्याच्या शाळेवर मी नवा होतो. लग्न ठरलेलं होतं, झालेलं नव्हतं. ज्वारीच्या काढणीचे दिवस. गाव पहाटेच शेतात जायचं, बाया हाताला फडकी गुंडाळून ज्वारी उपटायच्या, आणि दुपारी गावात फक्त म्हातारी माणसं, कोंबड्या आणि मी. शाळा सकाळची होती. बारा वाजले की सगळीकडे उन्हाचा एक पांढरा पडदा. त्या दिवसांत गावात दाणा असायचा, म्हणून त्याच दिवसांत बहुरूपी, डोंबारी, माकडवाले यायचे. तसाच बबन आला. वडवणीजवळच्या एका मेंढपाळांच्या वस्तीवरचा, माझ्याच वयाचा. काळी सायकल, तिच्या हँडलला रंगीत गोंडे. बरोबर बायको कौसा, आणि बैलगाडीत एक कर्णा.

सात दिवस, सात रात्री सायकलवरून उतरणार नाही, असा त्याचा बोल. शाळेसमोरच्या कडुलिंबाभोवती बांबू रोवून रिंगण केलं, दोऱ्याला पताका लावल्या. तो लिंब रिंगणाच्या मधोमध होता आणि तिथंच पहारेकऱ्याची जागा. गावानं पाळीपाळीनं पहारा द्यायचा, पाय जमिनीला लागतो का ते बघायचं. सात दिवस पुरे झाले तर घरटी ज्वारी, फेटा आणि बायकोला लुगडं. पाय टेकला तर काही नाही. लिहिता येणारा माणूस म्हणून पहाऱ्याची वही माझ्याकडं दिली. शाळेच्या वहीतच मी रेघा मारून रकाने पाडले होते: वेळ, पहारेकरी, शेरा.

बबन सायकलवरच दाढी करायचा. सायकलवरच कौसा त्याच्या डोक्यावर घागर ओतायची, आणि सगळं गाव टाळ्या वाजवायचं. चालत्या सायकलीवरून वाकून दातांनी रुमाल उचलायचा. भाकरी खाताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात कांदा, आणि हँडल मोकळं. पोरं माझ्याकडं बघून सरळ विचारायची, "गुरुजी, तो लघवीला कसा जातो?" आणि कौसा कर्ण्यावरून सांगायची, "त्येची बी सोय हाय, बाळांनो, पर त्ये बघायचं तिकीट न्हाई!"

पाचव्या दिवशी दुपारची पाळी माझी होती. शाळा सोडून, पिठलं-भाकरी खाऊन मी लिंबाखाली बसलो. मांडीवर वही. बबन माझ्याभोवती फिरत होता. त्याचे डोळे सुजलेले, ओठ फुटलेले. पाय मात्र त्याचे नसल्यासारखे आपले आपण फिरत होते. त्या सायकलीचा आवाज मला अजून ऐकू येतो. समोरून जाताना घर्रर्र, पाठीमागं गेल्यावर बारीक टकटक, मग पुन्हा घर्रर्र. उन्हात तो आवाज पाळण्यासारखा लागला.

मी झोपलो.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. किती वेळ झोपलो ते माहीत नाही. जागा झालो तो ओरड्यानं. रंगनाथ नावाचा गावातला एक जण रिंगणाच्या दोरीपाशी उभा राहून ओरडत होता, "टेकला! टेकला पाय! मी बघितला!" बबन सायकलवरच होता, फिरतच होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, की पाहिलं आणि विसरलो? शेतातून माणसं यायला लागली. रंगनाथनं पारावर पैज लावली होती की हा सात दिवस टिकत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

"तुझं कोन ऐकतंय बे?" कुणीतरी म्हणालं. "पैज हाय तुझी."

"माझं नका ऐकू," रंगनाथ म्हणाला. "गुरुजी व्हते ना पहाऱ्याला? गुरुजीला इचारा. का गुरुजी? तुमी तर डोळं उघडं ठिऊन बसलेले व्हते."

असं म्हणून तो हसला. तेवढ्यानं मला कळलं की त्याला कळलंय. मी "नाही टेकला" म्हणालो असतो तर त्यानं सांगितलं असतं की गुरुजी घोरत होते. मी "माहीत नाही" म्हणालो असतो तर तेच. नोकरीला सात महिने झालेले. गावानं विश्वासानं वही हातात दिलेली. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. बबनसुद्धा, फिरता फिरता, दर फेरीला एकदा.

मी वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "दुपारी पाय जमिनीस टेकला. मी समक्ष पाहिले." खाली सही केली. मग वही फिरवून लोकांना दाखवली.

बबन उतरला. पाच दिवसांनी माणूस सायकलवरून उतरतो तेव्हा काय होतं, हे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्याला उभं राहता येईना. कौसानं काखेत हात घालून त्याला धरलं. त्याचे पाय जमिनीवर होते, पण गुडघे आत-बाहेर, आत-बाहेर हलत होते, अजून पायडल मारत असल्यासारखे. पोरं हसली. मी वहीकडं बघत राहिलो. संध्याकाळच्या आत बांबू उपटले गेले आणि बैलगाडी गेली. त्याच्या मागं त्या रस्त्यानं कडब्याच्या गाड्या आल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. लग्न झालं, वैशाली झाली, तीन गावं बदलली, बीडला घर बांधलं. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि ते शिकवताना मला काही टोचतही नव्हतं, हे विशेष. टोचायचं ते फक्त काढणीच्या दिवसांत, तो वास आला की. मग मी गॅलरीतून आत जायचो.

पण यंदा आत कुठं जाणार? आत तीच सायकल येऊन बसणार होती. मी ट्रेनर बघायला दुकानात गेलो. सुभाष रोडला वळण्याआधी एक सायकलचं दुकान आहे. मालक तरुण, बोलका. "काका, बजेट किती आहे?" सगळे हेच विचारतात. मी म्हणालो, "कमी." त्यानं तरी सगळ्यात महागडं चित्र आधी दाखवलं. "याला मोबाइल जोडायचा. किती मिनिटं चालवलं, कुठं थांबलात, सगळं आपोआप लिहिलं जातं. शेजारी कुणी बसायला नको. हे खोटं बोलत नाही, काका."

"आणि बघणारा झोपला तर?" मी विचारलं.

"बघणारा कोण?" तो गोंधळला. मीही.

मग त्यानं कोपऱ्यातून एक धुळकट लोखंडी स्टँड ओढून आणला. एका डॉक्टरांनी घेतलेला आणि महिन्यात परत आणून ठेवलेला, चुंबकाचा. त्यानं दुकानातली सायकल त्यावर चढवली आणि पायडल मारून दाखवलं. घर्रर्र झालं, आणि हळू झाल्यावर बारीक टकटक. मी म्हणालो, "उद्या येतो." तिथून घरी न जाता बसस्टँडवर गेलो आणि वडवणीच्या गाडीची वेळ विचारली.

वडवणीच्या बाजाराचा दिवस धरून गेलो. सुमनला सांगितलं, जुन्या सहकाऱ्याला भेटायला जातो. आणखी एक खोटं. पंक्चरच्या दुकानात विचारलं, "सायकलवाला बबन कुठं राहतो?" तो पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवत म्हणाला, "सायकलवाला कवाचा? मेंढ्यावाला बबन म्हणा की."

वस्तीवर पत्र्याचं घर, बाजूला मेंढ्या कोंडायची जाळीची वाघूर, आत पंधरा-वीस मेंढ्या. बबन खाटेवर बसला होता. अंगणात कौसाबाई ज्वारी पाखडत होत्या. मी म्हणालो, "मी चकलांब्याच्या शाळेवर होतो." बबनला ओळखू येईना. कौसाबाईंनी सूप थांबवलं.

"वहीवालं गुरुजी," त्या म्हणाल्या.

पाणी आलं, चहा आला. चहा प्यायच्या आधी बोलायचं असं मी बसमध्ये ठरवलं होतं, पण प्यायलो. मग बोललो. "बबनराव, मी त्या दुपारी झोपलो होतो. मी काहीही पाहिलं नव्हतं. तरी समक्ष पाहिलं म्हणून लिहिलं."

कौसाबाईंचं सूप पुन्हा हलायला लागलं, जरा जोरात. बबननं काठीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली.

"झोपलेलंच की," तो म्हणाला. "मला म्हाईत न्हाई व्हय? मी तर तुमच्याच भवती फिरत व्हतो. तोंड उघडं व्हतं तुमचं."

मला हे कधी सुचलं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही नाही. झोपलेल्या पहारेकऱ्याला सगळ्यात नीट कोण बघत होतं? "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तवा गुरुजी म्हंजी गुरुजी. आमी फिरस्ते. कोन ऐकतंय?" मग काठी बाजूला ठेवून तो म्हणाला, "आन गुरुजी, पाय टेकला व्हता."

"काय?"

"टेकला व्हता. डावा. तुमी झोपलेलं बघितलं, आन आपसूकच खाली गेला. एवढा एवढा. रंगनाथनं बरुबर बघितलं."

"कवा टेकला?" कौसाबाईंनी सूप खाली आपटलं. दाणे सांडले. "काय बी बोलता! इतकी वर्सं मला न्हाई न्हाई म्हनून सांगितलं, आन आज गुरुजी दारात आले म्हनून टेकला?"

"तू पान्याला गेलतीस तवा."

"मी कुटं गेलते? मी कर्न्यापाशी व्हते! त्या दिवसापसून एका गावानं बोलावलं न्हाई. ह्यो पाय टेकतो म्हनून नाव झालं. सायकल इकली, गोंडे तेवढे ठेवले मी. आन म्हने टेकला व्हता!"

"व्हता तर व्हता म्हनू नको का?"

"न्हवता!"

"पाय तुजा का माजा?"

कौसाबाई सांडलेले दाणे गोळा करायला लागल्या. बबन हसायला लागला. त्याला चारच दात राहिले आहेत. "सोडा वं गुरुजी," तो म्हणाला. "लई जुनं हाय. जेवून जावा. कोरड्यास केलंय, भाकरी टाकती ही." आणि मी जेवलो. काळ्या मसाल्याचं कालवण, भाकरी, कांदा. बबन एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात कांदा धरून जेवत होता, अजून तसंच.

कौसाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. बसची वाट बघत आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. धूळ उडवत बस दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, टेकला न्हवता. त्येंचं ऐकू नका. त्ये कुनाला बी असंच मोकळं करत्यात."

मी म्हणालो, "आणि खरंच टेकला असेल तर?"

त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मग मला कावून सांगितलं न्हाई?"

बस आली.

खिडकीशी बसून मी हिशोब जुळवत राहिलो आणि तो जुळला नाही. टेकला असेल, तर मी न बघता खरं लिहिलं. मग मी काय केलं, खोटेपणा की नाही? टेकला नसेल, तर बबननं आज माझ्यासाठी आपलं नाव दुसऱ्यांदा खाली ठेवलं, आणि पहिल्यापेक्षा हे दुसरं मोठं. कौसाबाईंनी तरी काय बघितलं असेल? रंगनाथ आता नाही. वही शाळेच्या कुठल्याशा रंगरंगोटीत गेली असेल. साक्षीदार म्हणावा असा मीच एक उरलो, आणि मला एकच गोष्ट नक्की माहीत आहे: मी झोपलो होतो. त्या रकान्यात तेवढंच लिहायला हवं होतं. "पहारेकरी झोपला होता, सबब सांगता येत नाही." त्यावर बबनचे उरलेले दोन दिवस चालू राहिले असते. त्याला ते मिळायला हवे होते, पाय टेकला असो वा नसो. चकलांब्यातलं कुणी हे वाचत असेल तर त्यानं जुन्या माणसांना एवढं सांगावं.

घरी आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "आन मला म्हणालात, तसला कधी पाह्यलाच न्हाई." माझ्या सगळ्या गोष्टीतलं तिला तेवढंच आधी लागलं. ते बरोबरही होतं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लुगडं राह्यलंय ना त्या बाईचं? पुढच्या बाजाराला मी येते संगं."

डॉक्टरांनी परत केलेला तो चुंबकाचा स्टँड मी आणला. सात हजारांत. महागडा घ्यायची ऐपत नव्हती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. वैशाली फोनवर म्हणाली, "अण्णा, त्यात काहीच मोजलं जात नाही, किती चालवलं ते कसं कळणार?" मी म्हणालो, वही आहे. आवाजाला खाली जुनी सतरंजी घातली आहे. भाडेकरू अजून तरी काही बोलले नाहीत.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी जवळ कुणीतरी बसायला सांगितलंय, म्हणून सुमन दुपारी खुर्ची टाकून बसते. काल पहिला दिवस होता. गॅलरीचं दार उघडं, बाहेरून कडब्याचा वास, आणि घर्रर्र, घर्रर्र. पाचेक मिनिटांत तिची मान कलली. तोंड उघडं पडलं. मी तिच्याकडं बघितलं आणि माझा डावा पाय आपसूक खाली गेला. अंगठा सतरंजीला लागला. मी घाबरून तो वर घेतला, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा गेला. म्हणजे बबन खरं बोलला? की मी त्याचं ऐकलं होतं म्हणून माझा पाय तसा गेला? कोण सांगणार?

सुमन दचकून जागी झाली. "किती झालं?"

"अकरा मिनिटं. दोनदा पाय टेकला."

"मी कुठं बघितलं?"

"मी बघितलं," मी म्हणालो, आणि उतरून वहीत तसं लिहिलं. वेळ, पहारेकरी, शेरा. पहारेकऱ्याच्या रकान्यात तिचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, झोपली होती. शेऱ्यात लिहिलं, "डावा पाय दोनदा टेकला. मी समक्ष पाहिले."

खाली सही केली. गुडघे अजून आत-बाहेर, आत-बाहेर हलत होते.